परगावाहून आलेला ताप

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईची नातवंडे सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडे येतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपवून परततात. पिशव्या उलगडून आठवडा होत नाही, तोच एखादे मूल तापाने फणफणते आणि घरात ठरलेले वाक्य उच्चारले जाते : ‘पाणी बदललं, प्रवासाचा शीण आहे.’ आपणही ते कधीतरी म्हटले असेल. परंतु प्रवासाचा शीण एक-दोन झोपांत उतरतो. तो आठ दिवसांनी येत नाही.

डेंग्यूचा डास चावल्यानंतर ताप यायला साधारणतः ४ ते १० दिवस लागतात. मलेरियाला एक-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक. विषमज्वर तर महिनाभरानेही प्रकटू शकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी मूल गेल्या महिन्यात कोठे राहिले, कोठले पाणी प्याले, हे आपण होऊन सांगावे.

काही वर्षांपूर्वी एक आजोबा चार वर्षांच्या नातवाला घेऊन आले. चार दिवसांचा ताप त्या सकाळी उतरला होता आणि घरचे निश्चिंत झाले होते. आजोबा मात्र म्हणाले, ‘साहेब, ताप गेला, पण पोरगं आपलं वाटत नाही.’ मुलाचे हातपाय गार होते, पोट दुखत होते आणि ते सुस्त पडून होते. डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा ताप उतरतानाच सुरू होतो. मूल त्याच दुपारी नांदेडला पोहोचले आणि वाचले. ‘आपलं वाटत नाही’ या शब्दांना मी तेव्हापासून थर्मामीटरहून अधिक मान देतो.

ताप १०२ असला, तरी औषधाने तो थोडा उतरल्यावर मूल खेळते, पिते, लघवी करते, तर सकाळची वाट पाहता येते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला मात्र १००.४ ताप आला तरी लगेच निघावे. इतर मुलांच्या बाबतीत पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तरी रात्र असो वा पहाट, थांबू नये : मूल काहीच पीत नाही किंवा प्यालेले सर्व उलटते, हाक मारूनही नीट जागे होत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, मान ताठ आहे, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, कोठूनही रक्त येते. श्वासाची शंका असेल तर सदरा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. शांत असताना वर्षाच्या आतील बाळाचे ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर उशीर नको.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे. कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. तापातले झटके बहुधा निरुपद्रवी असतात. पण कोणता झटका निरुपद्रवी, हे घरी ठरत नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी १९६५ मध्ये सापडलेल्या विषाणूने २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात मुलांचे बळी घेतले, तेव्हा ताप येऊन दिवस उलटायच्या आत मुले बेशुद्ध होत होती.

औषध पॅरासिटामॉलच द्यावे, तेही वजनाप्रमाणे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन नको. जागे असलेल्या मुलाला ओआरएस चमच्या-चमच्याने पाजत राहावे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये.

आणखी एक अडचण मला नेहमी दिसते. मुलाचे आई-बाप दूर असतात आणि आजी-आजोबा त्यांच्या होकाराची वाट पाहतात. उगाच धावपळ केली म्हणून बोल लागेल, ही धास्ती असते. मूल आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्यांच्या नाही. आधी १०८ ला फोन लावावा, दिलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत आणि निघावे. पुण्याला फोन वाटेतून करता येतो.