पास आपण, परीक्षा त्याची!

मित्रांनो, फर्स्ट इयरला ॲप्लाइड मेकॅनिक्समध्ये घर्षणाची गणितं आपण सगळ्यांनीच सोडवली. ठोकळा, उतार, म्यू... उत्तराखाली दोन रेघा मारल्या की विषय संपला! पण हेच गणित रोज हायवेवर सोडवणारा एक माणूस आहे आणि त्याला ते कुणी शिकवलेलंच नाही. तो म्हणजे उघड्या ट्रेलरवर नवीन लागलेला ड्रायव्हर.

कंटेनरला निदान भिंती तरी असतात. उघड्या ट्रेलरवर माल धरून ठेवतात त्या फक्त साखळ्या, बेल्ट आणि लाकडी ठोकळे. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे जाणारी पत्र्याची कॉइल पाहिली असेलच. समजा, तिचं वजन २० टन. खाली लोखंडच, म्हणून घर्षणांक ०.२ धरू. करकचून ब्रेक लागला आणि गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने कमी झाला, तर कॉइल जागेवर ठेवायला १० टनांचा जोर लागेल. घर्षण देणार ४ टन. उरलेले ६ टन? ते साखळ्यांनी आणि ठोकळ्यांनी धरायचे. नाही धरले तर पुढे केबिन आहे आणि केबिनमध्ये माणूस!

आता कायदा बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडी चालवायला वय किमान २० हवं आणि त्याचं शिकाऊ लायसन्स मिळायला हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात हवं. ठीक आहे. पण टेस्टमध्ये बघतात ते गाडी चालवता येते का. माल बांधता येतो का, हे कोण विचारतो? ते शिकायचं क्लीनर होऊन, उस्तादाच्या हाताखाली. पत्र्याच्या धारेवर बेल्ट कापतो म्हणून खाली पॅड घालायचं, थोडं अंतर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा आवळायच्या, घाटात न्यूट्रल करायचं नाही... उस्ताद चांगला मिळाला तर पोरगं शिकतं, नाहीतर देवाचं नाव! त्यातही खर्च वाचवायला अनेक मालक आता क्लीनरच ठेवत नाहीत. म्हणजे होती ती एकमेव शाळाही बंद.

‘ड्रायव्हर लोक बेफिकीरच असतात’ असं मेसमध्ये सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. न शिकवलेल्या विषयात नापास झाला म्हणून दोष कुणाचा? आणि मनात आणलं तर नियम बदलतात. गाडीबाहेर आलेल्या सळया नेण्यावर २०१४ मध्ये बंदी आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. मग जड वाहनाच्या लायसन्ससाठी माल बांधण्याची एक परीक्षा का नको?

तोपर्यंत आपण काय करायचं? आपल्यातले कितीतरी जण उद्या कारखान्यात डिस्पॅचला बसतील, गेटपासवर सही करतील. सही करण्याआधी खुर्चीतून उठून ट्रेलरभोवती एक चक्कर मारा. नवीन पोरगा दिसला तर साखळी कुठे अडकवायची ते दाखवा. आणि वर्कशॉपच्या सरांना एक विनंती : वर्षातून एक रविवार जवळपासच्या ड्रायव्हर-क्लीनरना बोलवूया. गणित आपण सांगू, गाठ ते शिकवतील.

बघा, पटतंय का!