जुने कोणते, नवे कोणते?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि आम्ही इंदूरकर मराठी मंडळी तर ती जरा अधिकच मनावर घेतो. आजोबांची आरामखुर्ची, आजीचा तांब्याचा बंब, वडिलांचा भिंतीवरचा घड्याळबाबा, यांतील एकही वस्तू आमच्या घरांतून सहजासहजी हलत नाही. परंतु ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली त्याच्या दारात मोटार उभी नसावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

निमित्त घडले ते भाच्याचे. तो देवासला नोकरीस आहे. त्याने नुकतीच एक बारा-तेरा वर्षे वापरलेली लहान मोटार विकत घेतली. मिस्त्रीने गाडी तपासून अकरा सुट्या भागांची यादी त्याच्या हाती ठेवली. सगळे भाग नवे घ्यावेत तर गाडीच्या निम्म्या किमतीइतका खर्च! बिचारा रविवारी सकाळी ती यादी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘मामा, कबाड्याकडे हेच सगळे निम्म्याहून कमी पैशांत मिळते आहे. तुम्ही इतकी वर्षे मारुती वापरलीत. तुम्हीच सांगा, जुने घेऊ की नवे?’’

मी म्हटले, ‘‘प्रश्नच चुकला आहे. ‘जुने की नवे’ असे विचारू नकोस. ‘कोणते जुने आणि कोणते नवे’ असे विचार.’’ आणि सवयीप्रमाणे तांबडी पेन्सिल काढली.

हा शहाणपणा मला पुस्तकांतून लाभलेला नाही. त्याची फी मी एकदा भरलेली आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढचा हिशेब वाचकांना पटणार नाही. १९८३ च्या डिसेंबरात ज्या मारुती ८०० ची पहिली गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी जिचे उत्पादन थांबले, तीच आमचीही पहिली मोटार. २०११ साली तिचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाने दाबलेला जोर तेलाच्या द्वारे चाकांपर्यंत पोचवणारे नळकांडे, झिरपू लागला. मी जुन्या बाजारातून तोच भाग आणला. वरून तो अगदी स्वच्छ दिसत होता. सातशे रुपये वाचले, याचा मला केवढा आनंद! आमचे वृद्ध मिस्त्री मात्र तो हातात फिरवत म्हणाले, ‘‘मास्साब, लोहा पुराना चलेगा, रबर पुराना नहीं चलेगा.’’ मी ऐकले नाही. शिक्षकाला दुसऱ्याचे ऐकण्याची सवय कमीच असते.

पुढच्याच महिन्यात आईला महेश्वरचे दर्शन घडवावे म्हणून आम्ही निघालो. महू मागे टाकले, अहिल्याबाईंच्या काळातील जाम दरवाजा ओलांडला आणि निमाडात उतरणारा घाट सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली हळूहळू खचत तळाला गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणली, मग पहिल्या; हातब्रेक थोडाथोडा ओढत डोंगराच्या अंगाला घेतली आणि अखेर ती थांबली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. शेजारी पत्नी एक शब्दही बोलली नाही. मागे बसलेल्या आईला मात्र वाटले, मी दरी दाखवण्यासाठीच थांबलो आहे. ‘‘किती हिरवेगार आहे रे!’’ असे ती म्हणाली. खरे कारण मी तिला पुढे कधीच सांगितले नाही.

नंतर मिस्त्रींनी तो सिलिंडर उघडून दाखवला. आतील रबरी वायसरांच्या कडा झिजल्या होत्या आणि बरेच दिवस कोरडा पडून राहिल्याने आतला गुळगुळीत पृष्ठभाग गंजाने खरवडला गेला होता. बाहेरून यांतले काहीही दिसत नव्हते.

त्या दिवसापासून मी एक साधी कसोटी ठरवली आहे. जो भाग बिघडला असता गाडी नुसती थांबते, तो जुना घेण्याचा विचार करावा. जो बिघडला असता गाडी थांबवताच येत नाही किंवा वळवता येत नाही, तो नवाच घ्यावा. भाच्याची यादी आम्ही याच कसोटीवर तीन रकान्यांत वाटली.

पहिला रकाना निःशंकपणे जुन्याचा. डावा दरवाजा, बाजूचा आरसा, काच वर-खाली करण्याचे यंत्र आणि पुढच्या दिव्याचा संच हे चार भाग त्यात गेले. बॉनेट, डिकीचे झाकण, बंपर, मुठी, आसने हीही याच वर्गातली. ही डोळ्यांनी पारखता येतात. दरवाजा घेताना त्याची खालची कड उलटून पाहावी. गंज तेथूनच लागतो. खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे. पत्र्यावर ते कोठे चिकटले नाही, तर तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजावे. दिव्याची काच पिवळी पडलेली नसावी. नशिबाने आपल्याच रंगाचा दरवाजा मिळाला, तर रंगाचाही खर्च वाचतो.

दुसरा रकाना ‘पारखून जुना’. यात स्टार्टर आणि रेडिएटर आले. हे दगा देतात तेव्हा माणूस खोळंबतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. मात्र दुकानातच बॅटरी जोडून स्टार्टर फिरवून पाहावा आणि बसवण्यापूर्वी त्याचे कार्बन बदलून घ्यावेत. रेडिएटर पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासून घ्यावा. आल्टर्नेटर जुना घेतला, तर इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. रेडिएटरच्या रबरी नळ्या मात्र नव्याच घ्याव्यात. मिस्त्रींचे वाक्य येथेही लागू पडते.

तिसरा रकाना नव्याचा, आणि त्यात घासाघीस नाही. ब्रेक-पॅड, मागच्या चाकांच्या ब्रेक-सिलिंडरचे रबरी सामान, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे आणि दोन टायर. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून तेही दर दोन वर्षांनी बदलावे. टायरच्या बाबतीत तर डोळे हमखास फसवतात. नक्षी खोल दिसते, पण रबर आतून वाळलेले असते. टायरच्या कडेवर लंबवर्तुळात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली, म्हणजे खाचांतील लहान उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, की तो टायर कायद्यानेही बाद ठरतो.

अकरावा भाग क्लचप्लेट. ती बिघडली तर गाडी नुसती थांबेल, हे खरे. तरीही तिला मी नव्याच्या रकान्यात बसवले. ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुनी प्लेट सहा महिन्यांत गेली, तर मजुरी पुन्हा भरावी लागेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार! यादीत नसलेला टायमिंग बेल्टही मी वाढवला. गाडी दुसऱ्याच्या हातची, पट्टा कधी बदलला याची नोंद नाही. आणि काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून सबंध इंजिन कामातून जाते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नव्या डब्यात आहे म्हणून तो भाग अस्सलच, असे नाही. नकली सुटे भाग हुबेहूब वेष्टनात मिळतात. नकली नव्यापेक्षा पारखलेला अस्सल जुना दरवाजा बरा. पण नकली ब्रेक-पॅड कोणत्याही भावात महागच. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्की पावती घेऊनच खरेदी करावी. जुन्या मालाचीही पावती मागावी. जो देण्यास कां-कू करतो, त्याच्याकडे माल कोठून येतो हे विचारण्याचीही गरज नाही; तेथून उठावे. इंजिनाचा क्रमांक तर परिवहन कार्यालयात नोंदलेला असतो. ते बदलायचे असल्यास आधी रीतसर परवानगी घ्यावी लागते.

हिशेब झाला. चार जुने, दोन पारखून, पाच नवे आणि वरून एक पट्टा. सगळे नवे घेतले असते त्याहून खर्च बराच कमी आला. भाचा खूश होऊन उठला, आणि दारात थबकून म्हणाला, ‘‘मामा, पुढच्या आसनाचा सुरक्षापट्टा नीट आत ओढला जात नाही. मिस्त्री म्हणाला तेवढे चालते, म्हणून यादीत घातला नाही. कबाड्याकडे आहे एक, एका अपघाताच्या गाडीतला.’’

मी यादी परत घेतली. अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा दुसऱ्यांदा तितका जोर सोसेल याचा भरवसा नसतो, आणि ते बाहेरून कळत नाही. तांबड्या पेन्सिलीने मी तिसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली, आणि खाली विचारले, ‘‘त्या आसनावर कोण बसणार आहे?’’

‘‘आई,’’ तो म्हणाला. म्हणजे माझी धाकटी बहीण. दुसऱ्याच दिवशी त्याने नवा पट्टा बसवून घेतला आणि पावती मला दाखवायला आणली.