शांतिसेनेची माघार : तारीख ठरली, प्रश्न तसाच राहिला

महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रेजिमेंटचा इतिहास सांगताना आपण हे नाव अभिमानाने घेतो. पण आपले जवान तिथे कशासाठी गेले होते आणि त्यांनी कधी परतायला हवे होते, यावर आपल्यात क्वचितच चर्चा होते.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळबहुल उत्तर-पूर्वेला प्रांतिक सत्ता मिळेल, तमिळ बंडखोर शस्त्रे खाली ठेवतील आणि भारतीय शांतिसेना देखरेख करेल, असे ठरले. त्या करारावर लिट्टेची सही नव्हती. ऑक्टोबरमध्ये शांतिसेनाच लिट्टेशी लढू लागली. जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर आणि रुग्ण मारले गेले. ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य गेले, त्यांनाच ते परके झाले.

१९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी २९ जुलैपर्यंत सैन्य काढून घ्या, असे बजावले. सत्ताविकेंद्रीकरण आणि तमिळांची सुरक्षितता यांची हमी मिळाल्याशिवाय माघार नाही, अशी दिल्लीची भूमिका होती. प्रेमदासांचा मुद्दा सार्वभौमत्वाचा होता, दिल्लीचा जबाबदारीचा. दोन्हींत तथ्य होते. पण प्रेमदासांनी त्याच काळात शांतिसेनेविरुद्ध लिट्टेला गुप्तपणे शस्त्रे पुरवली. आणि दिल्लीकडे जबाबदारी पूर्ण कधी होणार, याचे उत्तर नव्हते.

अखेर व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. तोवर हजाराहून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते. भारताच्या आधारावर उभी असलेली प्रांतिक परिषद कोसळली. जूनमध्ये लिट्टे आणि श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, ते २००९ पर्यंत धुमसत राहिले.

मग सैन्य आणखी थांबायला हवे होते का? माझ्या मते नाही. अडीच वर्षांत जे साधले नाही, ते आणखी दोन वर्षांत बंदुकीने साधले नसते. चूक माघारीच्या तारखेत नव्हती. परतायचे कधी आणि मागे कुणाच्या हाती काय सोपवायचे, हे न ठरवताच सैन्य पाठवले गेले, तिथे चूक झाली.

आपल्यासाठी आणखी एक कटू गोष्ट आहे. श्रीलंका बौद्धबहुल देश. तमिळांना सत्तेत वाटा देण्याला तिथल्या सिंहली राष्ट्रवाद्यांनी आणि काही भिक्खूंनीही विरोध केला. धम्माच्या नावाने अल्पसंख्याकांचा हक्क नाकारला गेला, तर ‘हा धम्म नव्हे’ असे सर्वांत आधी आपणच म्हटले पाहिजे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद सांगितला आहे. शाक्य संघ कोलियांवर चालून जायला निघाला, तेव्हा सिद्धार्थाने सभेत उभे राहून विरोध केला आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी मिळून वाद सोडवावा, असे सुचवले. बहुमत विरोधात गेले, तरी तो मागे हटला नाही. तो सैन्य निघण्याआधी बोलला, हे विसरता कामा नये.

म्हणून तरुण मित्रांनो, उद्या कुठल्याही देशाचे सैन्य परक्या भूमीवर निघाले, तर माघारीच्या चर्चेची वाट पाहू नका. कुणाच्या संमतीने जाता, काय साधले म्हणजे परताल आणि तिथल्या दुबळ्यांचे पुढे काय, हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. जवानांच्या बलिदानाचा खरा मान त्यातच आहे.