राजाश्रय गेला, कुस्ती गेली नाही

राजर्षी शाहूंनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि राजाश्रयासोबत कोल्हापूरची कुस्तीही मावळली, ही कथा इतक्यांदा सांगितली जाते की तिचा सनावळीशी ताळा घालण्याची तसदी कोणी घेत नाही.

घालून पाहू. खाशाबा जाधवांचे हेलसिंकीतील कांस्यपदक १९५२ चे. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. या प्रकारात कमरेखाली पकड निषिद्ध. म्हणजे पट काढत वाढलेल्या मातीतल्या मल्लाने प्रतिस्पर्ध्याच्या पायांना हात न लावता हे सुवर्ण जिंकले! १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि बहुतेकांची लेखणी इथेच थांबते.

माझा आक्षेप नेमका यालाच आहे. आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या दादू चौगुलेंनी १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि नंतर तेही वस्तादच झाले. युरोपातील फुटबॉल संघांचे साहाय्यक प्रशिक्षकसुद्धा आपल्याला नावानिशी पाठ. वस्तादाची कारकीर्द मात्र आपण एका वाक्यात गुंडाळतो, आणि मग दरबार नसताना कुस्ती टिकली कशी याचे उत्तर सापडत नाही म्हणून ती संपलीच असे ठरवून टाकतो. दादूंचे पुत्र विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले ते २००० साली, विलीनीकरणानंतर ५१ वर्षांनी.