गाभारा का भरला नाही?

मुलं आपमतलबी होत चालली आहेत, त्यांना आपल्या जुन्या गोष्टी सांगा, हा सल्ला नागपूरपासून टोरांटोपर्यंत सारखाच ऐकू येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पंचतंत्र, जातक, हितोपदेश यांची नावं आहेत. सल्ला चांगला आहे, पण अर्धा. शाळेतल्या समुपदेशकाने नेमकी कोणती गोष्ट काढायची?

चिऊ-काऊचीच घ्या. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो दाराशी भिजतोय आणि चिऊताई बाळाला तीट लावतेय! ही गोष्ट परोपकारासाठी सांगणाऱ्याचं धाडस दांडगंच. भोपळ्यातली म्हातारी जीव वाचवते तीही चातुर्याने. आपल्या लोककथा जगायला शिकवतात. द्यायला शिकवणाऱ्या त्यांत थोड्या.

त्यात प्राणी. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली होती. एकीत माणसं, दुसरीत माणसासारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी पुढे आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने तसा फरक पडला नाही. एका प्रयोगावरून पंचतंत्र माळ्यावर टाकू नये, पण आपली भिस्त कशावर आहे ते तपासावं.

माझं मत श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीला. राजा दवंडी पिटतो, घरातलं सगळं दूध देवळात आणा. धाकाने लोक आणतात. पोरं उपाशी, वासरं उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी लेकीसुनांना, नातवंडांना, वासरांना आधी तृप्त करते, उरलेलं खुलभर दूध वाहते, आणि गाभारा भरतो. धाकदपटशाने घेतलेलं दान हे दानच नव्हे, हे यात किती सहज येतं! 'शेअर कर, शेअर कर' म्हणून मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेणारे आपण त्या राजाच्या पंगतीत बसतो. आणि मैत्री टिकावी म्हणून रोज अख्खा डबा देऊन टाकणाऱ्या मुलालाही ही कहाणी लागू पडते.

ही व्रतकथा आहे, हा आक्षेप रास्त आहे. नागपूरच्या वर्गात सगळी मुलं सोमवार पाळणाऱ्या घरांतली नसतात. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्यानंतर शहरातल्या कितीतरी घरांत जातककथा आपल्या झाल्या. त्याही घ्याव्यात, पण निवडून. स्वतःची मुलं दान करणारा वेस्संतर आठ वर्षांच्या पोरापुढे ठेवू नये. ते पोर बापाच्या बाजूने नाही, दान झालेल्या मुलांच्या बाजूने ऐकणार.

आणि तात्पर्य सांगू नये. विदर्भाला हे नव्याने शिकवायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न टाकत आणि उत्तर समोरच्यांकडून काढून घेत. समुपदेशकाने 'गाभारा का भरला नसेल?' एवढं विचारावं आणि गप्प बसावं.

यासाठी वेळ असलेला माणूस लागतो. आपल्यापैकी बरेच जण नागपुरातल्या आपल्या जुन्या शाळेला संगणक देतात, प्रोजेक्टर देतात. यंदा चारजण मिळून एका समुपदेशकाचा वर्षभराचा पगार द्या.