कर्जाला सही बाईची, घराला नाव कुणाचे?

१९७२ साली शहादे तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा सालदारी आणि सावकाराचे कर्ज हे आदिवासींच्या जिवावरचे ओझे होते. वहीत नाव पुरुषाचे असले तरी ते फेडताना राबत बाईही होती. दारूचे मटके फोडणाऱ्या तिथल्या बायकांना संसाराचा पैसा कुठे जातो हे पक्के ठाऊक होते. आज त्याच तालुक्यातल्या तापीकाठच्या प्रकाशासारख्या गावात कर्जाची नोंद संगणकात होते आणि तिथे बाईचेही नाव असते. प्रश्न आहे तो ते कशासाठी असते हा.

नवरा ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल घेतो, बायको सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही करते. छोट्या फायनान्स कंपन्यांची कर्जे तर बाईच्याच नावाने निघतात, पैसा मात्र बरेचदा पुरुषाच्या हाती जातो. हप्ते थकले की तिचीही पत खालावते. पैसा कुणी वापरला, हे त्या नोंदीत येत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी, वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते.

पुढे ती विधवा झाली किंवा नवऱ्याने टाकली, की स्वतःच्या छपरासाठी बँकेत जाते. बँक पतमाहिती कंपनीकडून अहवाल मागवते. ३०० ते ९०० मधला आकडा कमी निघाला की ‘सिबिल खराब आहे’ असे सांगून तिला परत पाठवले जाते. गहाण ठेवावे तर राहते घर सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावे. म्हणजे कर्ज बुडाले तेव्हा ती घरची धनीण होती, आणि घर मागताना परकी!

मैत्रिणींनो, काही गोष्टी आपल्या हाती आहेत. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गटाच्या बैठकीत तो एकत्र वाचावा. चुकीची नोंद असेल तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल देणे बंधनकारक आहे. एकरकमी तडजोडीत कर्ज मिटवले तर अहवालात ‘तडजोड’ असाच शेरा राहतो आणि पुढच्या कर्जाला तो आडवा येतो. जमेल तिथे पूर्ण फेड करून बेबाकी दाखला घ्यावा. कधीच कर्ज न घेतलेल्या बाईला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे धोरण असल्याचे सरकारने २०२५ साली लोकसभेत सांगितले आहे.

पण एवढ्याने भागणार नाही. सही करण्यापूर्वी बाईला तिच्या भाषेत, अहिराणीत वा भिलीत, जबाबदारी समजावून सांगणे बँकांवर सक्तीचे हवे. नकार दिला तर कारण लेखी मिळाले पाहिजे. आणि घरात एक नियम आपणच करायचा आहे : नवऱ्याच्या कर्जावर सही हवी असेल, तर आधी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला दोघांची नावे लागू द्या. कर्ज दोघांचे असेल, तर घरही दोघांचेच!