जाळीतला कापूस

आमचे शेलार भिवंडीला खेटून. यंत्रमागांच्या या मुलखात कापसाचे तंतू हवेत तरंगतात. ते जाऊन कुठे बसतात, हे मला गेल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात कळले. एसी सुरू, पण हवा कोमट आणि आतल्या नळ्यांवर चक्क बर्फ! दम्याच्या आईला रात्रभर झोप नाही. कारागीर म्हणाला, “साहेब, गॅस संपला.” मी पैसे मोजणार, तोच सौ.ने पुढचे झाकण उघडले. जाळीवर गोधडीसारखा थर! बर्फ वितळू दिला, जाळी धुतली, आणि संध्याकाळी गार वारा आला.

वाचकहो, गॅस बंद नळ्यांतून फिरतो. तो खर्च होत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

दिवाळीची साफसफाई काढलीच आहे, तर मुख्य स्विच बंद करून जाळी साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. थंडीसाठी एसी बंद करण्यापूर्वी दोन-तीन तास नुसता पंखा चालवा, म्हणजे आतली ओल सुकते, बुरशी धरत नाही. पाण्याची नळी तुंबली नाही ना, तेही पाहा. बाहेरच्या पेटीवर आच्छादन घातलेत, तर चैत्रात ते आठवणीने काढा. आमच्याकडे त्याखाली पारव्यांनी संसार थाटला होता!